दातावर मारायला

पहिला फोन सव्वासातला.
कुकरची दुसरी शिट्टी आणि तो, एकदमच.
"मंदाकिनी बच्छाव बोल रही हो?"
एवढं पूर्ण नाव मी
फक्त मतदान केंद्रावर ऐकलेलं.

बारा हजार. डावीकडची दाढ,
मुळापर्यंत गेलेली कीड, वर टोपी.
ॲपनं तीन मिनिटांत पैसे टाकले,
तेवढ्या वेळात आमचे शेठ दोनशेचे सुटे देत नाहीत.
दातावर मारायला पैसा नव्हता,
म्हणून दातासाठीच घेतला.

मी शालिमारला चष्म्याच्या दुकानात आहे.
दिवसभर लोकांना सांगते,
सगळ्यांत खालची ओळ वाचा.
माणसं डोळे बारीक करतात, अंदाज मारतात,
ई ला एफ म्हणतात.
माझ्या मोबाइलवरची खालची ओळ
मी वाचलीच नाही.
'सहमत'वर बोट ठेवलं.
बोटाला कुठे नंबर असतो.

मग दिवसाला तीस, चाळीस.
पवननगरच्या बाजारात मेथी निवडताना,
सिटीलिंकमध्ये, कंडक्टर म्हणाला,
उचला ना ताई, घरचं असेल.
गिऱ्हाइकाच्या कानामागे काडी बसवताना
कमरेला थरथर.
साडेचौदा भरले, तरी एकोणतीस बाकी.
पुरुषांनी एकमेकांना दिलेल्या शिव्या
मी जन्मभर ऐकत आले होते,
मला उद्देशून पहिल्यांदाच.

"फोटो भेजूँ सबको?"

पाठवला.
फोनातल्या दोनशे सोळा नावांना.
आधार कार्डावरचा,
ज्यात मी आधीच गुन्हेगार दिसते,
खाली लाल अक्षरांत, चोर.

दोन दिवस दार उघडलं नाही.

नळवाला अस्लम म्हणाला, ताई, कोणीतरी तुमचं विचारत होतं,
मी म्हटलं थांबा, वॉशर बघून सांगतो,
आणि फोन पान्यांच्या पिशवीत टाकला.
चाळीस मिनिटं बोलत होता पिशवीत.
भूमितीच्या जोगळेकर बाई, वय ब्याऐंशी,
यांनी त्याला व्याजाचा दर विचारला,
मग म्हणाल्या, मांडणी चुकलीय तुझी, पुन्हा कर.
गॅसवाला काहीच बोलला नाही,
सिलिंडर ओट्यापर्यंत आणून ठेवला,
वरचे तीस रुपये घेतले नाहीत.
नणंद बोलली. अजून बोलतेच आहे.
शेठनी फक्त गल्ल्याची किल्ली
खुंटीवरून काढून खिशात ठेवली.

एका रात्री साडेनऊला परत तोच, सकाळचा,
विक्रम मल्होत्रा नाव सांगणारा.
घासूनपुसून हिंदी. मध्येच थांबला,
बाजूच्या कुणाला तरी म्हणाला,
"आते काय करू भो, माले बी वरून बोलतस."

आते.
आई सटाण्याची. ती गेली
तेव्हापासून हा शब्द घरात आला नव्हता.
माझ्या तोंडून निघून गेलं,
"कोठला शेस रे भाऊ? जेवन व्हयनं का?"

पंख्याचा आवाज.
मागे दहाबारा गळे, एकच वाक्य म्हणणारे.
मग अगदी हळू,
"नामपूरना."
आणखी थोड्या वेळानं,
"नही व्हयनं."
फोन ठेवला त्यानं.

हे काही सुटणं नव्हतं.
दुसऱ्या दिवशी सव्वासातला दुसरा आवाज,
याला अहिराणी येत नव्हती.
आता मी उचलते, रेकॉर्ड करते,
वहीच्या मागच्या पानावर
वेळ, नंबर, शिवी, जशी दिली तशी, लिहिते.
वही सायबर पोलिसांच्या टेबलावर ठेवली
तेव्हा हवालदार ती हातभर लांब धरून बघत होते.
चाळिशी लागलेली, मान्य नसलेली.
मी पर्समधून दीड नंबरचा काढून दिला.
"खालची ओळ वाचा," म्हटलं. सवयीनं.
त्यांनी वाचली.
मग वरून सगळ्याच वाचायला घेतल्या,
आणि मला खुर्ची दाखवली.

तक्रारीला क्रमांक मिळालाय.
फोन कमी झालेत, बंद नाहीत.
नामपूरचा तो जेवला का, माहीत नाही.
दाढ चांगली बसलीय.
गार पाणीही चालतं.