मोजणी

वाशीच्या सेक्टर सतरामधला एजंट
काचेच्या टेबलावर आईसमोर व्हिएतनाम पसरतो.
सहा रात्री, सात दिवस, नाश्ता धरून,
चौथ्या दिवशी मेकाँगच्या मुखाशी होडी,
टोकदार टोपी घालून एक फोटो फुकट.

आई चष्मा कपाळावर ढकलते,
पानभर पसरलेल्या हिरव्या खाचरांवर बोट ठेवते
आणि विचारते, "थं मोजनी झाली क?"

"हो आजी, सगळं मोजूनच सांगितलंय, टॅक्ससकट."

बिचारा. त्याचा बापही शाळेत असेल
साखळी घेऊन माणसं घणसोलीच्या बांधावर उतरली तेव्हा.
आईनं त्यांना पाणी दिलं होतं, पितळी तांब्यातून.
तो तांब्या अजून आहे.
बांधावर आता चार मजले आहेत, साडेबारा टक्क्यांचे,
खाली औषधांचं दुकान, वर भाडेकरू,
आणि त्याच भाड्यातून हे विमान.

घरी रोज रात्री जेवण झाल्यावर बैठक.
वहिनीला कंदिलांचं जुनं बंदर बघायचंय.
रुजलला गुहा, ज्यात म्हणे ढग शिरतात.
भावाला फक्त एवढंच की खोलीला एसी हवा
आणि आईला जिने नकोत.
आई कुणाच्या बाजूनं नाही.
ती हिशोब विचारते.
"एक शहालं तीस हजाराला?
मंग आपून थं जाऊन गरीब का श्रीमंत?"
रुजल मोबाईलवर शून्यं मोजतो,
एकदा चुकतो, पुन्हा मोजतो.

पासपोर्टवर तिचा जन्म एक जूनचा,
दोन यत्तांपुरत्या भेटलेल्या मास्तरांनी दिलेला.
फोटोत ती कुणावर तरी रागावल्यासारखी दिसते.
फोटोवाल्यानं सांगितलं होतं, हसू नका,
ते तिनं जरा जास्तच मनावर घेतलं.

सुकट न्यायची का, यावर दोन रात्री गेल्या.
वहिनी म्हणाली, बॅगेला वास येईल, विमानात लोक काय म्हणतील.
भाऊ म्हणाला, अगं, तिथले लोक आपल्यापेक्षा जास्त सुकट खातात,
बाजारात ढीग असतात.
आई बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, "मंग मीठ बरं असंल त्यांचं."
मीठ म्हणताना तिनं खिडकीकडे पाहिलं,
जिथून आता समोरच्या टॉवरचं पार्किंग दिसतं,
आणि भरतीच्या दिवशी, वारा असला तर,
खारीचा वास येतो.
उघाडीची फळी वर करायला आबा जायचे
ते ह्याच वासावर, कंदील न घेता.

आज अर्ज भरायला बसले.
नाव, पत्ता, वडिलांचं नाव, पतीचं नाव,
याआधी आमच्या देशात आला होता काय.
आई शेजारी, मांडीवर ते माहितीपत्रक,
चार घड्या पडून मऊ झालेलं.
तिच्या बोटाखाली एक बाई वाकलेली, गुडघाभर चिखलात,
चेहरा टोपीआड.
"हिनं मूठ मोठी धरलीय," आई म्हणते.
"एका जागी इतकी रोपं? दाट होल. दाना भरनार नाय.
हिला कोनी सांगतलं नाय क?"
मी म्हणते, आई, फोटोसाठी उभी केली असेल.
"फोटोसाठी चिखलात कोन जातं?"

भेटीचा उद्देश:
पर्यटन. व्यवसाय. नातलगांची भेट. इतर.

कर्सर लुकलुकतो.
मी 'नातलग'वर येते, मागे जाते.
पर्यटन निवडते. पुढच्या पानावर पैसे भरायचे आहेत.

हॉलमधून रुजल हसतोय म्हणून मान वळवते,
तर आई पदर खोचून वाकलेली,
डाव्या हातात मूठ, म्हणजे नुसतीच मूठ,
उजव्या हातानं चकचकीत टाइल्समध्ये
तीन-तीन काड्या रोवत
मागे मागे सरकत चाललीय,
"आसं. आसं. बगतंस ना?"
सोफा पाठीशी येईपर्यंत,
आणि सोफा आला तेव्हा
थोडी डावीकडे वळून
पुढची ओळ.