सभासद क्रमांक ४१२

धनादेश परत आलाय.
एकोणीस डॉलर, चाळीस सेंट.
ब्याण्णव सालच्या वाढाव्यातला
ओर्विल हाउगेन यांचा वाटा.

ओर्विल जाऊन सहा वर्षं झाली.
पण आमच्या वहीत माणूस गेला म्हणून
त्याचं येणं बुडत नाही.
इतकी वर्षं ते पैसे खांबांत उभे होते,
तारांत ताणलेले,
डाकोटाच्या या गवतात, जिथे मैलाला दोन घरं
आणि शहरातली कंपनी म्हणाली होती, परवडत नाही.
तेव्हा त्यांच्या बापाने पाच डॉलर भरले
आणि आपल्या बांधावरचे खड्डे आपणच खणले.

फोन करते. लेक उचलते, सिग्ने.
"कसले पैसे?"
सांगते. ती गप्प.
मग म्हणते, "जानेवारीत, बर्फाने तारा तुटल्या त्या रात्री
खांबावर कोण होतं?
मला नुसता टोपीवरचा दिवा दिसला."
डेल्मर, मी म्हणते. पाच तास वर होता.
त्याच्याही घरी तेव्हा अंधारच होता.

शनिवारी शाळेच्या जिममध्ये सभा आहे.
गणपूर्तीला सतरा माणसं कमी पडतायत.
दरवाढीवरून भांडणं होणार.
या, भांडायला तरी.

"मला मत आहे?"
कोठारातलं मीटर अजून वडिलांच्या नावावर फिरतंय.
तेवढा अर्ज भरा.
हजार एकर असो की चार कोंबड्या,
मत एकच.

ती हसते, की खोकते, कळत नाही.

नव्या पाकिटावर तिचं नाव लिहिते.
४१२ मात्र तसाच ठेवते.