दाराआडची बॅग

ऐरोलीला राहायला आलो त्याच आठवड्यात
ह्यांनी दाराआड एक बॅग टांगली.
टॉर्च, शिटी, ग्लुकोजची बिस्किटं,
रेशनकार्डाची झेरॉक्स दुधाच्या धुतलेल्या पिशवीत,
माझा जुना चष्मा, मनवाचं लसीचं कार्ड,
आणि वहीच्या पानावर नंबर, माझ्या माहेरचासुद्धा.
"मोबाईल मेला तर पाठ कुणाला आहेत?"

मी हसायचे. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटे,
आम्ही गावाला निघालोय.

मग त्या रात्री रबाळ्याकडून वास आला,
सडक्या लसणासारखा. डोळे चुरचुरले, लाइट गेली.
ओले टॉवेल नाकाला लावून सहा मजले उतरलो.
हे पुढे टॉर्च घेऊन,
मागे अख्खा जिना.

गेटपाशी हे मटकन खाली बसले. घामाघूम.
मी बॅग उलटी केली फुटपाथवर.
आम्हा दोघींचं सगळं होतं.
ह्यांच्या प्रेशरच्या गोळ्या
वर, फ्रिजवर.

तिसऱ्या मजल्यावरच्या कुट्टीबाईंनी
पर्समधून पाकीट काढलं. तीच गोळी निघाली.

आता पहिल्या तारखेला बॅग मी उघडते.
सेल बदलते, जुनी बिस्किटं मनवा खाते.
गोळ्या सगळ्यात वर.
शिवाय एक टॉर्च जास्तीचा,
कुट्टीबाईंचा.
त्यांना अजून सांगितलेलं नाही.