तान

बिजगर्णीची बस मला सोडून गेली तेव्हा
पिशवीत एकोणीस फॉर्म होते, दोन पेनं, बीपीचं मशीन
आणि गाइड मॅडमची सूचना:
उत्तर सुचवायचं नाही, मान हलवायची नाही,
चहा घेतला तरी चेहरा कोरा ठेवायचा.

विषय: अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची
घरी देखभाल करणाऱ्या स्त्रियांमधील ताण,
मानसिक आरोग्य आणि जीवनाची गुणवत्ता.

फॉर्म पाच तज्ज्ञांनी तपासलेला.
इंग्रजीतून मराठीत नेलेला, मराठीतून परत इंग्रजीत,
पलीकडच्या रानात शिरलेली म्हैस
घरी आणून तीच का म्हणून शिंगं बघावीत तसा.
विश्वासार्हता शून्य पूर्णांक शहाऐंशी.

नागुबाई भास्कळ, वय बावन्न,
अंगणात रताळ्यांची माती झाडत बसलेल्या.
आत सातेरी. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत वीस वर्षं साचे भरले,
दोन वर्षांपूर्वी डावी बाजू गेली.
उजवा हात अजून खाटेच्या कडेवर
काहीतरी दाबून दाबून बसवत असतो,
वाळू ठोकल्यासारखं.

पहिले पाच प्रश्न बरे गेले.
झोप?
"येतेय की दारापर्यंत.
मलाच जाऊस येत न्हाई तिच्याकडं."
मी 'बऱ्याचदा'वर खूण केली.
दारापर्यंतला किती गुण, हे मॅन्युअलमध्ये नव्हतं.

प्रश्न सहा.
गेल्या महिन्याभरात तुम्हाला किती वेळा ताण जाणवला?

त्या उठल्या. हात पदराला पुसले. आत गेल्या.
भांड्यांचा आवाज.
बाहेर आल्या ते तांब्या घेऊन, वर पालथं फुलपात्र,
मुठीत गुळाचा खडा.
"अगोदर सांगायचं न्हाई काय वो?
उन्हातनं आलाईसा. तान तर लागणारच."

पाच तज्ज्ञ.
ण आणि न यांच्यामधल्या पायरीवर
एकालाही ठेच लागली नव्हती.

मी कन्नड प्रत काढून वाचलं: ओत्तड.
"ते होय. बीपी. आशा बघून गेली,
बरोबर हाय म्हणाली."

मग टेन्शन म्हणून पाहिलं.
फॉर्मबाहेरचा शब्द वापरला, चूक माझी, इथे नोंदवते.
त्या हसल्या.
"टेन्शन सुनेला. मला कुठलं?
मी त्यास्नी कुशीवर करतो, पुसतो, पावडर लावतो,
रात्रीचं तीनदा उठतो.
पाठ फुटू दिली न्हाई अजून. बघा की तुम्ही."

मी बघितली.
सदरा वर करून, खिडकीकडे वळवून, नर्स बघते तशी.
माकडहाडावर, टाचांवर, खांद्याच्या हाडावर
लालसर ठिपकासुद्धा नाही.
माझ्या वॉर्डात तीन शिफ्ट आहेत, हवेची गादी आहे,
आणि आठव्या दिवशी पाठ फुटते.
याला फॉर्मात चौकट नव्हती.
मी मान हलवली. चेहऱ्याचं काय झालं ते माहीत नाही.

"आणि तुमास्नी?" त्यांनी विचारलं.
"काय मला?"
"तान. किती वेळा लागतेय?"

सकाळी सहापासून मी पाणी प्यायले नव्हते.
फील्डवर पीत नाही. मग जायचं कुठे, हा प्रश्न असतो,
आणि तो प्रश्न कुठल्याच फॉर्मात नसतो.
मी फुलपात्र संपवलं. त्यांनी न विचारता दुसरं भरलं.
"परसदारी हाय जागा," म्हणाल्या, "कडी आतनं लागतेय."

बस चारची. पिशवीत फॉर्म अठरा कोरे, एक भरलेला,
त्यावर अर्धा किलो रताळी.

मॅडमनी चौसष्ट नंबरच्या फॉर्मवर लाल गोल केला:
प्रश्न सहा रिकामा.
एवढ्यासाठी फॉर्म टाकू नकोस,
बाकीच्या एकशेएकोणीस जणींची सरासरी काढ आणि घाल.

घातली.
तीन पूर्णांक चार.
त्यात ती दोन फुलपात्रं धरलेली नाहीत.