पासवर्ड

नारीनच्या वरच्या अंगाला, आमच्या शाळेत
नवा फळा आला तेव्हा भाषणं झाली, फीत कापली.
कात्री शिवणवर्गाची होती,
ती काही परत मिळाली नाही.

जिल्ह्याच्या माणसाने बोट फिरवलं
आणि भिंतीवर पृथ्वी गरगरली.
सातिबाल्दी सर सगळं चटकन शिकले.
मी रसायनशास्त्राची. तीस वर्षांच्या खडूने
बोटं इतकी कोरडी की पडद्याला ती कळतच नाहीत.
पान उलटायला लावतो तशी जरा थुंकी लावते,
मग ओळखतो.

नोव्हेंबरात सर मॉस्कोला गेले, टॅक्सी चालवायला.
जायच्या आठवड्यात पगाराचं गणित
त्यांनी याच फळ्यावर घातलं होतं.
मुलांनी ते वहीत उतरवलं.

जानेवारीत वीज गेली, आली,
आणि फळा विचारू लागला: पासवर्ड?
बाहेर उणे सव्वीस.
दहावीची मुलं कोटासकट बाकांवर.
बेक्तेमीर म्हणाला, एजे, एक ते आठ मारून बघा.
तीनदा चुकलं. फळा पाच मिनिटं रुसला.

रेंज फक्त खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात.
फोन लावला, आवाज मोठा केला.
पलीकडे हॉर्न, मागे बसलेल्या कुणाची तरी कटकट.
"सर, पासवर्ड."
बराच वेळ काही नाही. मग,
"मुलं ऐकतायत का?"
ऐकतायत.
"जुमागाझी. सगळी अक्षरं छोटी. पुढे बत्तीस."

नेमका तेव्हाच जुमागाझी
कोळशाची बादली घेऊन दारात.
"मी काय केलं?" म्हणाला.
वर्ग खो खो हसला, फोनसुद्धा हसला.
"बत्तीस वर्षं भट्टी सांभाळतोय तो.
म्हटलं, हे नाव कुणाच्या डोक्यात येणार नाही,"
सर म्हणाले, आणि सिग्नल सुटला असावा.

फळा उघडला. पाण्यात सोडियमचा तुकडा पडला,
पेटला, आवाजाविनाच, कारण स्पीकर बिघडलेला.
जुमागाझी बादली खाली न ठेवता
शेवटपर्यंत बघत राहिला.
"पुन्हा लावा," म्हणाला. लावलं.

आता जिल्ह्याचा आदेश आहे: पासवर्ड बदला.
सप्टेंबरात मी बोट ओलं केलं
आणि बदलला. तेहतीस.

पुढच्या हिवाळ्यात भट्टी विजेवर जाणार, म्हणतात.
जुमागाझीला अजून कुणी सांगितलेलं नाही.