ग्वेनेथचा कान

कर्क येटममधून निघालो तेव्हा आम्ही सात जण,
आठवं नॉर्मनचं गुडघ्यांचं पुराण.
वूलर तेरा मैल.
हॉस्टेलवालीनं दारातच एकेकाच्या हातावर
उकडलेलं अंडं ठेवलं, कागदात गुंडाळून.
मी ते खिशात मुठीत धरून
पहिला चढ चढले.

खांबाखांबावर छोटा क्रूस रंगवलेला.
तो दिसला की वाट बरोबर.
नाही दिसला की नॉर्मन नकाशा उघडतो
आणि वारा तो मिटतो.

माथ्यावर कुंपण, कुंपणात फाटक.
अलीकडे स्कॉटलंड, पलीकडे इंग्लंड.
मेंढ्यांना हे कुणी कळवलेलं नाही.
माझा हात मात्र सवयीनं खिशात गेला
पासपोर्ट चाचपायला,
तर अंडं लागलं. अजून कोमट.

पलीकडे उतारावर जेवायला थांबलो
तेव्हा ग्वेनेथनं डाव्या कानाला हात लावला.
गेला, म्हणाली.
काय गेलं?
कान.

वालाच्या दाण्याएवढं यंत्र, रंगही तोच,
आणि सगळा डोंगर गेल्या वर्षीच्या नेच्यांनी
वालाच्याच रंगाचा झालेला.

मग सगळे गुडघ्यांवर.
चार दिवसांत या वाटेवर
आमच्यातलं कुणी गुडघे टेकले नव्हते.
चर्चं लागली तिथं बाटल्या भरून घेतल्या, एवढंच.
नॉर्मनसुद्धा रांगत होता,
हूं की चूं न करता.

ओबिन्ना म्हणाला, चालू असेल तर ते शिट्टी मारतं.
गप्प राहा जरा.

राहिलो.
कुंपणाच्या तारेत वारा.
मेंढी गवत तोडते त्याचा करकर आवाज.
खाली कुठंतरी पाणी.
लांब वाकड्या चोचीचा तो पक्षी,
गळ्यात उकळी फुटल्यासारखा ओरडत वर वर गेलेला.
माझ्या कानात माझंच रक्त.
शिट्टी नाही.

ग्वेनेथ दगडावर बसून अंडं सोलत होती.
एवढी शांतता तिच्याचसाठी केलेली,
आणि ती तिला एकटीलाच ऐकू येत नव्हती.
"बोला की!" ती ओरडली, "भांडलात का?"

अर्ध्या तासानं नाद सोडला.
उतरताना तिनं माझा दंड धरला.
या बाजूनं बोल, म्हणाली,
आणि तुझ्याच भाषेत बोल,
नाहीतरी मला अर्धंच कळणार.

मी आधी हवेबद्दल बोलले.
मग बुटांबद्दल.
मग कसं कोण जाणे, विश्रामबद्दल.
अकरा वर्षं त्याला फोन केला नाही,
आईच्या पाटल्यांवरून.
तो काय बोलला, मी काय बोलले,
आणि त्याला सांगायचं राहिलं ते, की
पाटल्या मला नकोच होत्या,
मला फक्त कुणीतरी विचारायला हवं होतं.
दोन मैल.
ग्वेनेथ हं म्हणत होती,
बरोबर जिथं म्हणायचं तिथं.

वूलरला तिनं रेनकोट झटकून खुंटीला लावला
आणि टोपीतून काहीतरी टपकन फरशीवर पडलं.
ओबिन्नानं ते मुठीत उचललं
तर मुठीतूनच बारीक शिट्टी.

काखेत कळसा, मी म्हणाले,
आणि इंग्रजीत समजवायला गेले:
बाईच्या काखेत घागर,
आणि ती गावभर शोधत फिरते.
कशाला घेऊन फिरते, नॉर्मननं विचारलं,
जड नाही का होत?

ग्वेनेथनं कान बसवला.
मान हलवून पाहिली, दोनदा.
मग माझ्याकडे वळून म्हणाली,
"पाट-ल्या.
सारखं म्हणत होतीस. ते काय असतं?"

मी मनगट पुढे केलं.
इथं, म्हटलं.
तिनं बोटांनी धरून पाहिलं, रिकामंच,
आणि सोडलं नाही लगेच.

दाराशी कुणीतरी ओल्या बुटांत
वर्तमानपत्र कोंबत होतं.
आठ वाजून गेले होते. बाहेर उजेड तसाच.
भारतात किती वाजले असतील, हा हिशेब
मी बोटांवर करायला घेतला
आणि मध्येच चुकले.