एकोणीस टॅब

सावद्याच्या केळी-गटात, वजनकाट्याला खेटून
पत्र्याची खोली, आणि तिच्यात
एक जुना, जवळजवळ चौकोनी मॉनिटर.
त्याच्यावर माझा फॉर्म :
गाडी नंबर, शेतकरी, शिवार, घड, वजन,
दांड्याची वजावट, भाव, हमाली…
एकाखाली एक, एकाखाली एक.
भुसावळला माझ्या रुंद पडद्यावर
सगळं मावत होतं.

इथं ‘जतन करा’चं बटण
पडद्याच्या खाली गेलेलं. आठ महिने.
कुणी मला फोन केला नाही.
सुपडू नेहेते टॅब दाबायचे, ओठांत मोजायचे,
एकोणीसला थांबायचे
आणि एंटर.
“ते खाले हाये. दिसत नही, पन हाये.”
बोअरमधल्या मोटारीबद्दल बोलावं तसं.

एकदा विसाव्यावर बोट गेलं, मध्येच शिंक आली म्हणून.
विसावं ‘पुसा’.
दिल्लीला निघालेली अख्खी गाडी गेली.
“मंग?”
“मंग काय, वहीत होती.”

मी पाणी प्यायले. दोनदा.

रात्री त्यांच्याकडेच राहिले.
पहाटे गच्चीवर कौतिकबाई बिबडे घालत होत्या
जुन्या साडीवर, ओल्या हाताने थापत,
भिंतीकडून आपल्याकडे, वरून खाली.
काठ आला की उठायच्या,
पुन्हा भिंतीपाशी जाऊन बसायच्या,
शेजारी नवी रांग.
खालून वर एकदाही गेल्या नाहीत.
दोन रांगांत टाचेएवढी जागा.
“एवढी कशाला सोडता?”
“मंग काय उडत जाऊ?”

एक बिबडा हातून मोठा झाला.
त्यांनी तो मोडला नाही.
पुढची सगळी रांग
त्याच्या कडेपासून मोजून पलीकडे सरकवली.
मला ‘शेतकऱ्याचं पूर्ण नाव’ आठवलं,
तो सगळ्यात लांब रकाना,
ज्याला मी दरवेळी कापत आले.

मग पत्र्याच्या खोलीत, पंख्याखाली,
खिडकीला एवढंच विचारलं : उंची किती?
ती संपेपर्यंत खाली भर,
संपली की सगळ्यात रुंद जो असेल
त्याच्याएवढं उजवीकडे सरक, वर टाचभर,
आणि पुन्हा डोक्यापासून.
तीस-बत्तीस ओळी.
पहिल्यांदा डोक्यापर्यंत जायलाच विसरले.
दुसरी रांग काठाखालीच सुरू झाली,
दिसेना.
सुपडूभाऊ शांतपणे म्हणाले,
“खाले आसंल.”

दुपारी दोनपर्यंत तीन रांगा उभ्या राहिल्या.
क्रमाला मी हात लावला नव्हता,
वळण फक्त आलं.
पण भावाच्या पायाशी असलेली हमाली
त्या वळणावर नेमकी सापडली
आणि दुसऱ्या रांगेच्या माथ्यावर जाऊन बसली.
सायबू तडवी माठाशी आला होता,
खांद्यावर ओलं पोतं.
पडद्याकडे बघून म्हणाला,
“आमचं वर आलं का?”
“नाव वर आलं,” सुपडूभाऊ म्हणाले,
“आकडा तोच.”
सायबू हसला. मीही हसले,
माझं हसू जरा उशिरा आलं.

‘जतन करा’ आता उजवीकडे खाली,
हिरवं, धडधडीत.
सुपडूभाऊंनी माउस धरला, बाण नेला,
पाव्हण्याच्या मुलाला गाल ओढावा तसं
एकदा दाबून पाहिलं.
“चांगलं हाये.”

पुढची गाडी काट्यावर चढली.
चष्मा कपाळावर, नजर दाराबाहेर घडांवर,
बोटं चालू.
ओठ हलत होते.
सोळा, सतरा,
मी श्वास धरला,
एकोणीस. एंटर.

संध्याकाळच्या एसटीत मांडीवर पिशवी,
कौतिकबाईंनी दिलेले मागच्या घाण्याचे बिबडे.
आमोद्याच्या गतिरोधकांवर
एकेक मोडत गेला, आवाज येत होता.
मला ते दिसत नव्हते.
मी मोजत होते.